तारेने बांधलेला स्विच

दुसऱ्यांदा मोटर फुटली तेव्हा एनॉक वापाऊ कुणावर ओरडलासुद्धा नाही. पत्र्याच्या शेडमध्ये तिचं पोट उघडून त्याने आत बघितलं. वाइंडिंगची तांब्याची तार जागची उपटून, पिंजारलेल्या केसांसारखी बाहेर आली होती. तो स्टुलावर बसला आणि चष्मा काढून बनियनला पुसत राहिला.

"होईल का, दाजी?" दारातून बेनीने विचारलं.

"होईल."

"कधीपर्यंत?"

"मला नको विचारूस. या बोटांना विचार."

बेनी लोबान हा एनॉकच्या बायकोचा, लोमीचा, धाकटा भाऊ. लोमी जाऊन दोन पावसाळे झाले होते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या थर्सडे बेटावर मच्छीमारांच्या सोसायटीची एक स्लिप आहे. समुद्रात उतरत गेलेले दोन रूळ, त्यांवर एक गाडा आणि वर किनाऱ्यावर विंचचं, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राचं, घर. भरतीच्या वेळी होडी गाड्यावर चढवायची आणि विंचने कोरड्यात ओढून घ्यायची. विंच चालवायचा बेनी, आणि विंचचं जे जे बिघडेल ते दुरुस्त करायचा एनॉक. त्याचं वय रिटायर होण्याचं होतं, किंबहुना होऊन गेलं होतं. केर्न्स शहरात राहणारी मुलगी दर रविवारी फोनवर म्हणायची, बाबा, आता या इकडे. तो म्हणायचा, येतो, ही एवढी मोटर झाली की येतो.

मोटर दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहरात भंगारात निघालेल्या ट्रामची होती. ताकद अफाट. कितीही जड होडी द्या, कुरकुरत का होईना ओढायची. पण तिची एक खोड होती. ओझं सुटलं की ती थांबत नसे, उलट पळत सुटायची. जितकं रिकामं तितकं जोरात, आणखी जोरात, शेवटी स्वतःच्या वेगाने स्वतःचीच आतडी बाहेर फेकेपर्यंत. मोटर आणि विंच यांच्यामध्ये एक जाड चेन होती. ती जुनी झाली होती. दोन्ही वेळा चेन तुटली आणि मोटर मोकाट सुटली.

या खेपेला एनॉकने सोसायटीला सांगितलं, नवी चेन तर हवीच, पण वेगाचा स्विचही हवा. दोन्ही केर्न्सहून मालाच्या बोटीने आलं. स्विच मोटरच्या फिरत्या आसाच्या टोकाला बसवायचा. आत दोन छोटी वजनं. मोटर ठरल्यापेक्षा जोरात फिरली की ती वजनं बाहेर फेकली जाणार, एक खटका दाबणार आणि वीज तुटणार. बस, एवढंच. एनॉकने मोटरची तार पुन्हा गुंडाळली. दिवसा शेडमध्ये इतकं तापायचं की घामाने इन्सुलेशनचा कागद ओला होऊ नये म्हणून मनगटाला फडकी बांधावी लागायची. गुडघे दुखायचे, डोळ्यांसमोर तारा नाचायच्या. पण मोटर झाली आणि स्विचही बसला.

आणि मग नवाच त्रास सुरू झाला.

क्रेफिश, म्हणजे शेवंडं, पकडायच्या बंदीचे दिवस होते. सगळ्यांना याच दिवसांत होडी वर घ्यायची असते, तळ खरवडायचा असतो, रंग द्यायचा असतो. गाडा वर यायला लागला की अर्ध्या वाटेत एका जागी मोटर जरा जोर धरायची, आणि खट्! स्विच पडायचा. होडी मध्येच उभी. बेनीने मोटरच्या मागे वाकून खटका पुन्हा बसवायचा, परत सुरू करायचं. कधी एकदा, कधी तीनदा. तेवढ्यात भरती ओसरायला लागायची आणि खाली थांबलेल्या दुसऱ्या होडीचा मालक शिव्या घालायचा.

"काय रे बेनी, होडी ओढतोयस की नवस फेडतोयस?"

"दाजींना विचारा," बेनी म्हणायचा. "दाजींचा स्विच आहे."

एक दिवस चहा पिताना बेनी एनॉकला म्हणाला, "तुमचा हा स्विच अगदी लोमीताईसारखा आहे बघा. माणसाने जरा आवाज चढवला की खट्, गप्प!"

एनॉक हसला. लोमी गेल्यापासून तो तिच्या नावावर हसल्याचं बेनीने पाहिलं नव्हतं. 

त्याच आठवड्यात एनॉकला ती तार दिसली. स्विचचा खटका पडूच नये म्हणून कुणीतरी तो बारीक तारेने बांधून ठेवला होता. कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. त्याने पक्कडीने तार तोडली आणि बेनीला बोलावलं.

"हे पुन्हा करू नकोस."

"दाजी, लोक मला खातायत. तुम्ही शेडमध्ये बसता, उन्हात उभा मी असतो."

"चेन तुटली तर काय होतं, दोनदा बघितलंयस ना?"

"चेन नवी आहे."

दुसऱ्या दिवशी तार पुन्हा होती. एनॉकने पुन्हा तोडली. या वेळी त्याने बेनीला बोलावलं नाही.

फेबीआक्का एनॉकच्या नात्यातली, त्याच्याहून वयाने मोठी. नवरा गेल्यावर त्याची होडी तिने विकली नाही, दोन भाच्यांना घेऊन स्वतःच चालवत राहिली. लोमीच्या थडग्याचा दगड केर्न्सहून येऊन तिच्याच घराच्या ओसरीवर चादरीत गुंडाळलेला पडला होता. लोमीला तिच्या माहेरच्या बेटावर पुरलं होतं. तिथे दगड न्यायचा, बसवायचा, सगळ्या नातलगांसमोर वरचं कापड काढायचं, मग जेवण, मग नाच. तो दिवस झाल्याशिवाय दुखवटा संपत नाही. दगड न्यायचा होता फेबीआक्काच्याच होडीतून, आणि वायव्येचा वारा सुरू व्हायच्या आत. एकदा तो वारा लागला की तिकडचा समुद्र लहान होडीला जाऊ देत नाही. पण होडीच्या तळाला गळती होती. आधी ती वर घ्यायला हवी.

ज्या सकाळी फेबीआक्काची होडी गाड्यावर चढली, त्या सकाळी एनॉक विंचच्या घरात गेला. तार तिसऱ्यांदा बांधलेली होती.

तो तारेकडे बघत उभा राहिला. पक्कड खिशात होती. बाहेर बेनी आक्काच्या भाच्यांना ओरडून दोर आवळायला सांगत होता. एनॉकला वाटलं, आता तोडायची, मग भांडायचं, मग होडी अर्ध्यात थांबणार, मग आक्काचा चेहरा. वारा बदलायला लागलाच होता. सकाळपासून हवेत पावसाचा वास होता. त्याने हात खिशाबाहेर काढला, रिकामाच, आणि तो बाहेर येऊन खांबावरच्या मेन स्विचजवळ सावलीत बसला.

होडी वर येऊ लागली. नेहमीची ती जागा आली, मोटरने जोर धरला आणि स्विच पडला नाही. बेनी विंचच्या घराच्या दारात उभा राहून गाड्याकडे बघत होता. त्याने एनॉककडे बघून भुवया उडवल्या. बघा!

आणि चेन तुटली.

चेन नवी होती, पण तिचा जोड नीट बसला नव्हता, हे नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एक फटका ऐकू आला आणि मोटरचा आवाज चढायला लागला. गाडा सुटला नाही. विंचच्या दात्यांत खीळ अडकली आणि होडी जागीच लटकली. पण मोटर आता रिकामी होती. तिचा आवाज घरघरीवरून शिट्टीवर गेला आणि तिथून किंचाळीवर.

"बाहेर ये!" एनॉक ओरडला. "बेन्या, बाहेर!"

बेनी बाहेर आला नाही. मोटर चालू-बंद करायचा दांडा पलीकडच्या भिंतीला होता, तो मागे घेतला की वीज बंद होणार होती. बेनी आत धावला. एनॉक उठला. गुडघ्याने साथ दिली नाही, तो खांबाला धरून उभा राहिला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. वीज गेली. पण मोटरला कोण सांगणार? तिच्यात जो वेग भरला होता तो भरला होता. आत धाडकन् आवाज झाला, आणि पत्र्याच्या भिंतीला आतून फुगवटे आले. एका जागी तांब्याची पट्टी पत्रा फाडून अर्धी बाहेर डोकावली.

मग सगळं शांत झालं. समुद्राचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

बेनी दांड्यापाशी खाली बसला होता. डावा हात मांडीवर, कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला, आणि रक्त. "घेतला मागे," तो म्हणाला. "दाजी, मी दांडा मागे घेतला होता."

"हो," एनॉक म्हणाला. त्याने खिशातून रुमाल काढला तर त्याबरोबर पक्कडही आली. ती त्याने लांब भिरकावून दिली.

होडी दुसऱ्या दिवशीच्या भरतीला कौन्सिलच्या माती उचलायच्या लोडरने वर ओढली. शिव्या देणारे सगळे मालक दोर धरायला आले होते. गळती बुजवली, पण तोवर वारा फिरला होता. एनॉक फेबीआक्काकडे गेला. ओसरीवर दगडाशेजारी बसला. तिने त्याच्यापुढे नारळाच्या दुधात शिजवलेल्या कंदांची वाटी ठेवली.

"खा आधी. दगड आहे तो, एनॉक. थांबेल. लोमीही थांबेल, तिला तुझी सवय आहे."

त्याने सोसायटीला सांगून टाकलं की आता तो मोटर गुंडाळणार नाही. मुलीला फोन करून सांगितलं, येतो. मुलगी रडली. सामान बांधायला घेतलं तेव्हा बेनी आला. हात प्लास्टरमध्ये, चेहरा उतरलेला. तो पायरीवर बसला.

"तार मी बांधली होती."

"मी पाहिली होती."

बेनीने मान वर केली. "त्या दिवशी?"

"त्याच दिवशी. होडी वर घ्यायच्या आधी."

"मग तोडली का नाहीत? आधी दोनदा तोडलीत की!"

"कंटाळा आला होता रे बेन्या," एनॉक म्हणाला. "तुझा नाही. सगळ्याचाच."

बेनीने प्लास्टरचा हात मांडीवर नीट घेतला. अंगणात कोंबड्या उकरत होत्या. मग तो म्हणाला, "मी दवाखान्यात पडल्या पडल्या विचार करत होतो. स्विच उगाच पडत नव्हता, दाजी. गाडा तिथे खरंच पळतो. त्या जागी रूळ खचलाय. आधी उंचवटा लागतो, मग उतार. उंचवटा ओलांडला की ओझं हलकं होतं आणि मोटर सुटते. मला पायाखाली रोज कळत होतं. पण मी स्विचलाच धरून बसलो."

एनॉकने हातातला शर्ट बॅगेवर ठेवला. "मी मोटरच्या पलीकडे बघितलंच नाही," तो म्हणाला. "रूळ उचलावा लागेल."

"ओहोटीला. खाली लाकडं घालून. मला एकच हात आहे, पण ओरडता येतं."

"ते तर येतंच."

सामान अर्धवट बांधलेलं तसंच राहिलं. ओहोटीच्या वेळा साधून, चिखलात गुडघाभर उभं राहून सगळ्यांनी रूळ उचलला. एनॉकने मोटर तिसऱ्यांदा गुंडाळायला घेतली. बेनी एका हाताने पट्टी धरायचा आणि एनॉक गुंडाळायचा. बोटं थांबली की दोघंही थांबायचे. कुणी घाई करत नव्हतं.

सगळं जुळल्यावर एनॉक म्हणाला, "चेन काढ."

"काढ?"

"काढ. रिकामी सोडून बघायची. स्विच वीज तोडतो की नाही हे होडी गाड्यावर असताना कळून चालायचं नाही."

बेनीने फुगवटे आलेल्या पत्र्याकडे बघितलं आणि चेन काढली. एनॉकने सगळ्यांना लांब रुळांपाशी उभं केलं. मोटरपुढे वाळूची पोती रचली होती. दांड्याला लांब दोरी बांधून त्याने ती बाहेर आणली होती, आणि दुसरा हात मेन स्विचवर. बेनीला तो म्हणाला, "तूही लांब जा."

"नाही जाणार."

"मग माझ्या मागे उभा राहा."

त्याने दोरी ओढली. मोटर घरघरली, मग चढायला लागली. शिट्टी आली. बेनीने एनॉकच्या खांद्याला धरलं आणि त्याची बोटं मांसात रुतली. आवाज आणखी चढला. एनॉकचा मेन स्विचवरचा हात घामाने निसटायला लागला. आता, आता ओढावा, असं वाटत असतानाच आतून तो बारीक आवाज आला.

खट्.

शिट्टी तिथेच मोडली. मग आवाज उतरत गेला, उतरत गेला, घरघरीवर आला आणि शेवटी पंख्याच्या पात्यासारखा फिरत फिरत विझला.

रुळांपाशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एनॉकने मागे वळून बघितलं नाही. "पुन्हा एकदा," तो म्हणाला. "खटका बसवून ये. आणि बेन्या, सावकाश."