चहा गार होतोय

"संशोधनाचा विषय काय लिहू?" दप्तरखान्याच्या बाईंनी विचारलं.

"बायको," मास्तर म्हणाले.

बाईंची पेन्सिल थांबली. विज्ञान प्रतिष्ठानच्या या दप्तरखान्यात ताऱ्यांवर, क्षारांवर, किडामुंगीवर काम करणारे येऊन गेले होते. बायकोवर संशोधन करायला आलेला हा पहिलाच. आणि खरं सांगायचं तर, त्या विषयात कुणाच्या हाती काही लागल्याचं ऐकिवातही नाही.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिलाईचे. उभा जन्म मशीनवर गेला. बायको मात्र याच प्रतिष्ठानच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. तिथल्या थोरल्या डॉक्टरांची मुलाखत टेपवर घेणं चाललं होतं, तेव्हा ही बया सरळ आत शिरली आणि म्हणाली, "अहो, चहा गार होतोय." संध्याकाळी घरी येऊन पोट धरधरून हसली. "माझा आवाज अडकला की टेपात! आता मेले तरी तिथं बोलत राहीन बघा."

"त्यालाही अहो आणि मलाही अहो?" मास्तरांनी चिडवलं.

"मग काय अरेतुरे करू मोठ्या माणसाला?"

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. भिंतीवर फोटो होता, कपाटात तिची शाल होती. पण मागे एका सकाळी मास्तर जागे झाले आणि तिचा आवाजच आठवेना. शब्द सगळे आठवत होते, आवाज नाही. त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाबा, मलाही नीट नाही हो आठवत," ती म्हणाली.

तेव्हा मास्तरांना टेप आठवली.

ती ऐकायला दप्तरखान्यात आल्यावर पिशवी बाहेर ठेवायला लावली, खिशातलं पेन काढून घेतलं. चोराचीही एवढी झडती घेत नसतील. पण बाई माणूस म्हणून बऱ्या होत्या. सगळी हकीकत ऐकून त्यांनी विषयाच्या जागी लिहिलं, 'प्रयोगशाळेतलं रोजचं जीवन'.

"म्हणजे बायकोच की," मास्तर म्हणाले. बाईंना हसू आलं.

त्यांनी कॉम्प्युटरवर मुलाखत लावली, हेडफोन मास्तरांच्या कानांवर नीट बसवले आणि त्या आपल्या टेबलाकडे गेल्या. डॉक्टर बोलू लागले. क्षार, भट्टी, पुन्हा क्षार. मास्तरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी जिवाचा कान करून ते ऐकत होते. मग डॉक्टर बोलता बोलता थांबले. क्षणभर काहीच नाही. आणि लगेच डॉक्टरांचं हसू, "ठेवा तिथं, बाई. गार तर गार." पुन्हा क्षार सुरू.

मास्तरांनी हात वर केला. "बाई, मशीन बिघडलंय. उत्तर येतंय, पण ती बोलतच नाही."

बाईंनी मागे नेऊन स्वतः ऐकलं. पुन्हा ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

"जुन्या फितीला बुरशी लागली होती," त्या हळूच म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर उतरवून घेताना आवाज साफ केला आम्ही. पंख्याची घरघर, दाराची करकर, मध्येच कोणी बोललेलं, ते सगळं काढलं. डॉक्टर स्वच्छ ऐकू यावेत म्हणून."

"मग ती जुनी फीत द्या. खरखर असू दे. मला चालेल."

"ती टाकून दिली, काका. तेव्हा तशीच पद्धत होती."

मास्तरांना संताप आला, आणि काढायचा कुणावर तेही समजेना.

"आमच्या धंद्यातही कतरण निघते, बाई. पण फेकायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारतो आम्ही, हवीय का म्हणून."

"चुकलंच आमचं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. पण त्याचा आता काय उपयोग?

मास्तर खुर्चीत बसून राहिले. जावं तर घरी तरी काय होतं! शेवटी म्हणाले, "एकदा पुन्हा लावता? तेवढंच?"

बाईंनी लावलं. डॉक्टर क्षारांवर बोलले आणि थांबले.

"अहो, चहा गार होतोय," मास्तर म्हणाले.

खोलीतल्या माणसांनी वळून पाहिलं. पलीकडच्या टेबलावरच्या गृहस्थांनी तोंडावर बोट ठेवलं. बाईंनी त्यांना हातानेच खुणावलं, असू द्या.

हेडफोनमध्ये डॉक्टर हसले. "ठेवा तिथं, बाई. गार तर गार."

मास्तरांनी हेडफोन काढले, सदऱ्याच्या टोकानं पुसले आणि वायरीची नीट घडी घालून टेबलावर ठेवले.