थेंबभर माया

मोतीबिंदू काढल्यापासून कोरियातल्या एका खेड्यातल्या ओकबुन आजींनी घरादाराला सळो की पळो करून सोडलं होतं. खिडकीतली धूळ दिसू लागली, सुनेने जाड चिरलेला मुळा दिसू लागला, आणि गावच्या विरंगुळा केंद्रात पत्ते खेळताना मैत्रीण मालसुनची लबाडीही दिसू लागली!

"आई, आज डोळ्याचा दाब तपासायला जायचंय," सून ह्येजिन म्हणाली. "मागची तारीखही तुम्ही चुकवलीत."

"मला भिंतीवरच्या माशीचे पाय दिसतात. दाब कसला तपासायचा?"

"आणि ऑपरेशननंतर दिलेले ते थेंब? डॉक्टरांनी केव्हाच बंद करायला सांगितलेत ना?"

"बाटल्या उरल्यात, त्या काय फेकून देऊ? आणि मी एकटी थोडीच घालते? मालसुनचे डोळे खाजतात, म्हणून तिलाही एक बाटली दिलीय. एकटीनं खाणाऱ्यातली नाही मी!"

ह्येजिनने कपाळावर हात मारला. या गावात एकट्याने खाणं म्हणजे पापच. पण म्हणून थेंबसुद्धा? तिने आंबायला ठेवलेल्या किमचीचा, म्हणजे कोबी-मुळ्याच्या तिखट लोणच्याचा, डबा सासूबाईंसमोर आणला.

"हा बाहेरून कसा दिसतो?"

"झकास!"

"मग रोज झाकण का उघडता?"

"अगं, आत वायू साचतो. नाही उघडलं तर एक दिवस..." आजी अडखळल्या.

"डोळ्याचंही तसंच. ऑपरेशननंतर दाब वाढू शकतो. हे थेंब जास्त दिवस घातले तरी काहींचा वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. आतली नस मात्र मरते, आणि गेलेली नजर परत येत नाही."

"मला काही झालेलं नाही! चल, दाखवतेच तुला. मालसुनलाही घे बरोबर!"

दवाखान्यात यंत्राने डोळ्यावर फुस्स करून हवा सोडली. "मेल्या, फुंकर कसली मारतोस!" आजी ओरडल्या. मालसुन आजी खदखदून हसल्या. मग त्यांची पाळी आली.

दाब दोघींचाही वाढलेला! "नशीब, नस शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "असंच चालू ठेवलं असतं, तर नजर गेली असती."

ओकबुन आजींचा चेहरा पडला. "माझं जाऊ दे गं! पण मी तुला माझ्या हातानं आंधळी करत होते!"

"रडू नकोस बाई. तुला दिसलं नाही, तर मी लबाडी करू कुणाशी?"

दुसऱ्या दिवशी ओकबुन आजी केंद्राच्या दारातच उभ्या राहिल्या. "उरलेले थेंब काढा सगळ्यांनी! आणि तपासणीची तारीख कुणी चुकवलीय, बोला!" बाटल्या गोळा झाल्यावरच त्यांनी किमचीचा डबा उघडला.

मंडळी, स्वच्छ दिसतं म्हणजे डोळा ठणठणीत आहे, असं नव्हे. किमची खुशाल वाटून खा; औषध मात्र ज्याचं त्यानंच घ्यावं, आणि सांगितलं तेवढंच.

मालसुन आजींची लबाडी? ती अजून चालू आहे. ओकबुन आजींना ती रोज स्वच्छ दिसते, पण हल्ली त्या काही बोलत नाहीत.