एक बेल

"बेल काऊन देत नाई तुम्ही?"

हिंगणघाटहून निघालेल्या एसटीत मध्येच चढलेल्या तपासणी साहेबांनी मला हटकलं. ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन "पुढं फाटा आहे, कैलासभाऊ" असं सांगून मी गुडघे धरत परत येत होते. बेल बिघडलीय, मी म्हणाले. खोटं बोलताना जीभ अडखळतेच मेली.

आम्हा कंडक्टरांची एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. गेल्या वर्षी याच रस्त्यावर मी एक बेल दिली, कैलासभाऊंनी गाडी डावीकडं घेतली आणि मधूनच मोटरसायकलवाला घुसला. त्याचा पाय गेला. चौकशीत चूक त्याचीच निघाली. महिन्याभरानं कैलासभाऊ कामावर आले, पण एक बेल वाजली की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर आपटायचा. घामानं शर्ट भिजायचा, तोंड पांढरंफटक व्हायचं.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं होतं, आणि कैलासभाऊंनी मला. "डोक्याले समजते का झालं ते झालं, ताई. पन अंगाले ते कोनी सांगतलंच नाई. अंग भेलं का डोकंबी त्याच्याच मागं जाते. वाटते, आपन मानूसमारेच आहो. मंग अर्ध्या घंट्यानं अंग निवते, तवा पटते का आपली चूक नोती."

पाय जमिनीला टेकवायचे, श्वास लांब सोडायचा, एवढंच त्यांचं औषध. ते लागू पडेपर्यंत मी बेल बंद केली, दर थांब्याला चालत पुढं जाऊन सांगायचे. डेपोत कळलं असतं तर त्यांचं स्टिअरिंग गेलं असतं. आणि त्या दिवशी बेल मीच दिली होती ना? मग चालायचं कुणी?

साहेबांनी स्वतःच दोरी ओढली. टिंग.

गाडी जागच्या जागी गचकली. पुढच्या सीटवरच्या म्हातारीचं कपाळ दांड्यावर आपटलं, टरारून टेंगूळ आलं. साहेब ओरडत पुढं गेले. कैलासभाऊ स्टिअरिंग घट्ट धरून चहावर फुंकर घालावी तसा श्वास सोडत होते, पुन्हा पुन्हा. मला रडू येत होतं, आणि साहेबांचा असा राग आला की विचारू नका. पाच मिनिटं गप बसा, मी म्हणाले त्यांना. ते बसलेसुद्धा. म्हातारीनं शिव्या द्यायच्या सोडून कैलासभाऊंपुढं पाण्याची बाटली धरली.

पाणी पिऊन ते म्हणाले, "अल्लीपूरले बेल द्याजो, ताई. एकच."

अल्लीपूर आलं, तर माझाच हात वर जाईना. कशीबशी दिली. गाडी इतकी अलगद थांबली की एका बाईच्या मांडीवर झोपलेलं लेकरू जागंही झालं नाही. साहेबांनी वही मिटली. जाऊ द्या, लिहीत नाही काही, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

कपाळाला पदर लावून म्हातारी उतरली. कैलासभाऊ ती वळेपर्यंत तिच्याकडं बघत राहिले.

"लिवा साहेब. आज थांबली, उद्याचं मी सांगू शकत नाई. मले वर्कशॉपमंदी टाका."

मी भांडले त्यांच्याशी. मी चालते ना, मला काय जड होतं?

"तुमचे गुडघे आरशात दिसते मले, ताई," ते म्हणाले.

मग त्यांनी खिशावरचा बिल्ला काढून साहेबांच्या हातात दिला. सव्वीस वर्षं तिथंच लागायचा तो. खाकी कापडाला पिनेची दोन बारीक भोकं राहिली होती. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत आम्ही गाडीच्या पायरीवर बसलो, आणि ते अंगठ्यानं त्या भोकांवरून कापड सारखं करत राहिले.