वेशीचा डावा कोनाडा

शनिवार, ९ मार्च २०२४, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. कांदिवलीतल्या आमच्या गावठाणाच्या वेशीचे चौसष्ट दगड पुन्हा उभे राहिले होते, आणि कोनाडा उजव्या खांबात होता.

तो डाव्या खांबात असतो. गावातली प्रत्येक शवपेटी वेशीबाहेर नेताना त्या कोनाड्यापाशी थांबवतात आणि घरातला थोरला तिथे मेणबत्ती लावतो. माझ्या बायकोसाठी, जोसेफीनसाठी, ती मी लावली होती.

गेल्या वर्षी एका डंपरने वेस पाडली. तिचे प्रमाणबद्ध चित्र एकच होते : तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर, १९८३ साली, मी केलेले एचिंग. आम्लाने कोरलेला तांब्याचा पत्रा आणि त्यावरून काढलेला कागदी छाप, दोन्ही एकाच कापडात गुंडाळून मी वेस पुन्हा उभारणाऱ्या गावच्या समितीचा चिटणीस एल्रॉय याच्या हाती दिले होते.

"छाप पिवळा पडलेला, अंकल," एल्रॉय म्हणाला. "पत्र्याचा फोटो झकास आला. तोच दिला गुणाजीला."

"पत्रा उलटा कोरतात! कागदावर उमटतो तेव्हा सुलटा होतो. रबरी शिक्का कधी पाहिला नाहीस?"

"एवढं काय त्यात? कोनाडा आहे ना?"

"तुझ्या डॅडींची पेटी कुठल्या हाताला थांबली होती, एल्रॉय?"

त्याची नजर डाव्या खांबाकडे गेली. बोलला तो पाथरवट गुणाजी. "मी सांगितलेलं यांना, मास्तर. सांधे जुळत नाहीत, दगड उलटे पडतायत. हे बोलले, फोटोत आहे तसंच बसव."

"मग बसवलेस कसे?"

"तासून."

पाडणाऱ्या डंपरलाही जे जमले नव्हते, ते आम्ही छिन्नीने केले होते. 'आम्ही' म्हणतो, कारण पत्र्याच्या पाठीवर 'उलट प्रतिमा' हे दोन शब्द मीही एक्केचाळीस वर्षांत लिहिले नव्हते. माझा स्वतःवरचा राग वेगळा. तो माझा मी पाहीन.

"उतरवा," मी म्हणालो.

"उद्या फादर आशीर्वाद द्यायला येतायत, अंकल! पत्रिका वाटल्या."

"पत्रिका तरी सुलट्या छापल्यात ना? उतरवा म्हणतो ना मी!"

गुणाजीने एल्रॉयकडे पाहिलेही नाही. पहार उचलली आणि कमानीखाली आधाराचे वासे लावायला घेतले.

चार दिवस मी छाप समोर धरून एकेक दगड त्याच्या जागी लावून पाहिला. कोनाड्याचा दगड डाव्या खांबात आता सैल हलतो. तासल्यामुळे कायमचे वाया गेलेले दगड : तेवीस.