मॉर्मेर फिनलेच्या सिंहासनाची कबुली

मित्रांनो, मी सागवानी खुर्ची. आता म्हातारी झाले, एक पाय डुगडुगतो, पण एका संध्याकाळपुरती मी सिंहासन होते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली हकीकत अभिमानाने सांगतात. मला मात्र ती सांगताना लाज वाटते.

मालवणच्या सुताराने मला घडवले. बोटीने मुंबईला आले आणि घाटकोपरच्या एका चाळीत राहिले. घरात दोन भाऊ, मधुकर आणि सहदेव. वडिलांच्या मागे थोरला मधुकर माझ्यावर बसू लागला. गिरणीतून आला की तो तंबाखू मळायचा आणि अंगठ्याला उरलेला चुना माझ्या उजव्या हाताला पुसायचा. त्याची बायको शेवंती रोज ओरडायची, "भिंती कमी पडल्यो काय, म्हणान खुर्ची रंगवतास?" तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच पुसायचा. मलाही त्या पांढऱ्या ठिपक्यांची किळस यायची.

१९५३ साली मधुकर गेला. मी सहदेवच्या खोलीत होते; शेवंती आणि तिचा तरणा मुलगा लवू शेजारच्या खोलीत राहत. दिवसकार्य आटोपल्यावर ती दिराला म्हणाली, "भावजी, ती खुर्ची माका होयी, तेंची आठवण म्हणान."

"बापाशीची खुर्ची ती," सहदेव म्हणाला. "थोरलो गेलो, आता धाकटो बसतलो."

लवू संतापून काकाला वाटेल ते बोलला. त्या दिवसापासून दोन खोल्यांत अबोला. आणि मी? मी मनातून सुखावले. माझ्यासाठी माणसे भांडतात, म्हणजे मी केवढी मोठी!

पुढच्या गणेशोत्सवात चाळीतल्या विद्याधर मास्तरांनी नाटक लिहिले. हजार वर्षांपूर्वी स्कॉटलंडच्या उत्तरेला एक प्रांत होता. त्याच्या अधिपतीला मॉर्मेर म्हणत. नाटकातला मॉर्मेर फिनले समुद्रावरून येणाऱ्या सरदारांशी झुंजला, पण शेवटी मेला तो सख्ख्या भावाच्या मुलांच्या हातून.

"म्हणजे भाऊबंदकी तिथेही होती, मास्तर?" कोणीतरी विचारले.

"तिथे तर थंडी फार," मास्तर म्हणाले. "सगळे घरातच बसून. जास्तच असणार."

मास्तरांनी फिनले केला सहदेवला आणि त्याला मारणारा पुतण्या केला लवूला. मुद्दाम की भोळेपणाने, देव जाणे. तालमीत दोघे नाटकातले तेवढेच बोलत.

सिंहासन म्हणून माझी निवड झाली. चाळीमागे सहदेवने पॉलिशवाल्याला माझ्यापुढे उभे केले. "डाग सगळे काढ रे. राजा बसणार आहे, झकास दिसली पाहिजे!" काचकागद फिरला, चुना गेला, वर पॉलिश चढले. मी आरशासारखी चकाकले. तेव्हा मला किती आनंद झाला, हे आज सांगवत नाही.

नाटकाचा शेवटचा प्रवेश आला. लवूने कट्यार खुपसली, सहदेव माझ्या पायाशी कोसळला. आता काकाचे प्रेत ओलांडून पुतण्याने गादीवर बसायचे होते. लवूने पाऊल उचलले आणि ते सहदेवच्या दंडाला लागले. लहानपणापासूनची सवय, मित्रांनो! मॉर्मेरचा खुनी चटकन वाकला आणि मेलेल्या काकाला त्याने नमस्कार केला.

मांडव हास्याने दणाणला. सहदेव डोळे मिटूनच पुटपुटला, "आधी बस रे मेल्या, पाया मगे पड!"

लवू उठेना. "काका," तो म्हणाला. वर्षभरात हा शब्द त्याने नाटकाबाहेर उच्चारला नव्हता. "चुकलो मी."

मेलेल्या फिनलेचा हात वर आला आणि पुतण्याच्या डोक्यावर टेकला. मास्तरांनी घाईघाईने पडदा पाडला. लोक डोळे पुसत होते आणि मी धुसफुसत होते. एवढी नटूनथटून बसले, आणि शेवटी माझ्यावर कोणी बसलेच नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेवने मला स्वतः उचलून शेवंतीच्या खोलीत आणले. "वहिनी, घ्या तुमची खुर्ची. माझां चुकलां."

शेवंतीने हात पदराला पुसले. ती बसली नाही. तिने माझ्या उजव्या हातावर बोटे फिरवली, मग खालून फिरवली, मग पुन्हा वरून. जन्मभर ज्या ठिपक्यांवरून ती ओरडली, तेच ती शोधत होती.

"हयसर चुनो होतो," ती हळूच म्हणाली.

सहदेवचा चेहरा उतरला. "नाटकासाठी... मीच काढूक लावलंय, वहिनी."

 शेवंती म्हणाली, "असां दे, भावजी. बरी दिसता." बोटे मात्र त्या गुळगुळीत लाकडावरून फिरतच राहिली.

मला फुटून जावेसे वाटले. तिला मी नकोच होते. तिला हवा होता तो अंगठा, आणि तो पुसला जात असताना मी खुशीत चकाकत होते.

जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळे मागते. एखादा डाग पुसण्याआधी, मित्रांनो, घरात विचारा, हा कुणाचा. शेवंतीला कोणी विचारले नव्हते.