वाळल्या कारल्यासारख्या चेहऱ्याचे गृहस्थ

"मी वर्णन लिहिलं ना, की माणूस कागदावरून उठून चालायला लागतो," असं इंद्रजीत सर छावणीतल्या आपल्या क्लासमध्ये पोरांना सांगत होते, तेव्हा त्यांचे सासरे काकासाहेब सोयगावच्या गाडीतून उतरून खरोखरच कुठंतरी चालायला लागले होते. सरांनी त्यांना दहाला स्टँडवर घ्यायला जायचं होतं. विशेषणं शिकवता शिकवता साडेअकरा झाले. स्टँडवर सासरे नाहीत, आणि सासऱ्यांकडं फोन नाही.

बायको प्रेरणा पैठणला मावशीकडं गेलेली. सरांनी तिला फोन लावला. ती म्हणाली, "नाव, वय, धोतर, पांढरी टोपी, एवढं लिहा अन् ग्रुपवर टाका. चारपर्यंत मी येते. माझे अण्णा घरात दिसले नाही, तर मी पण राहणार नाय."

सरांचा जीव टांगणीला लागला, पण बोटं शिवशिवली. नाव, वय, धोतर? अशानं माणूस डोळ्यांपुढं उभा राहतो व्हय? धोतरवाले तर स्टँडवर शंभर. त्यांनी ती रुक्ष माहिती सगळी बाजूला सारली आणि लिहिलं:

"हरवले आहेत. वाळल्या कारल्यासारख्या चेहऱ्याचे, मोडक्या छत्रीच्या काड्यांसारख्या पायांचे, थंडीत सुरू न होणाऱ्या ट्रॅक्टरसारखे खोकणारे, कानांत गाजरगवत माजलेले, अख्ख्या जगावर रुसलेले एक गृहस्थ. दिसल्यास आणून सोडावे."

खाली पत्ता, फोन नंबर. तीनदा वाचून सर स्वतःवरच खूश झाले. अर्ध्या तासात मेसेज शहरभर फिरला.

एकच्या सुमाराला एका रिक्षावाल्यानं भाजी घेऊन घरी चाललेला रिटायर तलाठी बखोटीला धरून आणला. "सर, पायां देखो. एकदम छत्री." तलाठी शिव्या देत होता. देता देता खोकला, तशी रिक्षावाल्याची खात्रीच पटली. दुसऱ्याला कॉलेजच्या पोरांनी मोटरसायकलवर दोघांच्या मधी दाबून आणलं. तिसऱ्याला न्हाव्याच्या खुर्चीतून उचललेलं. अर्धी दाढी झालेली, कान जसेच्या तसे.

मग सोनिया नावाची एक बाई आली. सोबत म्हातारा, म्हाताऱ्याच्या हातात कपड्यांची पिशवी.

"हे घ्या तुमचे."

"बाई, हे आमचे नाहीत."

"वाचा की. कारलं हाय, काड्या हायत, अन् रुसून तर बारा वर्षं झाली. सगळं जुळतंय."

"पण हे तुमचे कोण?"

"सासरे. कडूबा नाव. संध्याकाळी दूध-पोळी देत जा." रिक्षा उभीच ठेवली होती. बाई त्यात बसून गेली पण.

तीनला फोन वाजला. "जावईबापू, मी काकासाहेब. स्टँडासमोरच्या हॉटेलात हाय. मालकानं तुमचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. लई हसलो. सगळ्यात जास्ती मीच हसलो."

"अण्णा, तिथंच बसा, मी निघालोच."

"हसता हसता मला खोकला आला. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले."

"अण्णा, ते जरा अलंकारिक..."

"ट्रॅक्टरचं बरं जमलंय. प्रेरणाची गाडी आत्ताच लागली. तिनंबी वाचलंय. तुम्ही येऊ नका म्हणते."

चारपर्यंत पहिले तिघं आपापल्या घरच्यांबरोबर गेले. तलाठ्याच्या पोरानं जाता जाता सरांच्या दोन कानाखाली ठेवून दिल्या. कडूबांना न्यायला कुणी आलं नाही. ते सोफ्यावर बसून पोहे खात होते.

मग प्रेरणा आली. बापाला रिक्षातच बसवून ठेवलं होतं. तिनं बॅग भरली. "अण्णा सोयगावला चाललेत. मी पण."

"प्रेरणा, एकदा ऐकून तर घे. तुझ्यासारखी..."

"माझं वर्णन करू नका."

सर अनवाणी कोपऱ्यापर्यंत रिक्षामागं पळाले. काकासाहेबांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. रिक्षा दिसेनाशी झाल्यावर सर परत आले, तर दार आतून लावलेलं होतं. त्यांनी बेल वाजवली. कडूबा खिडकीत आले आणि त्यांनी विचारलं, कोण पाहिजे.