बॉम्बच्या जागी खुर्च्या

हार्लन देखणा आहे, असं कँटीनमधल्या सगळ्या बायका म्हणायच्या. कान हे एवढाले बाहेर आलेले, देखणा कसला डोंबलाचा! पण मला विचारतो कोण?

तो आभाळातूनच पडला आमच्या डोक्यावर. जर्मनीवर बॉम्ब टाकून परतताना त्याच्या विमानाची दोन इंजिनं गेली, आणि उरलेल्या दोनांवर समुद्र ओलांडून ते स्वीडनात उतरलं. आम्ही लढाईत नव्हतो, त्यामुळे विमानही अडकलं आणि माणसंही. मग वरच्या लोकांत सौदा झाला. अमेरिकेनं अशी काही विमानं आम्हाला द्यायची, आम्ही त्यांची माणसं सोडायची. हे विमान आलं स्टॉकहोमजवळ, ब्रोम्माला, आमच्या वर्कशॉपमध्ये. बॉम्ब टांगायच्या जागी खुर्च्या बसवायच्या आणि स्कॉटलंडपर्यंत प्रवासी अन् टपाल न्यायचं. इंजिनं समजावून द्यायला त्याच विमानाचा मेकॅनिक हवा, म्हणून हार्लनला मागे ठेवून घेतलं. विमान तयार झालं की त्यातूनच तो जाणार होता.

तोवर मात्र तो माझ्या मुळावर आला.

कँटीनमध्ये गुनवोर होती. दर शनिवारी मी तिला नाचायला नेत होतो, लग्नाचं विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. आमच्याकडे माणूस आधी विचार करतो, मग बोलतो. हार्लन आधी बोलायचा.

"गुनवोर, ही कॉफी आहे की उकळलेली चप्पल?" तो मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये म्हणायचा. युद्धात खरी कॉफी कुठली, भाजलेल्या धान्याचं काळं पाणी ते. हीच थट्टा मी केली होती तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या होत्या, "नको असेल तर ठेव खाली." आता हसता हसता डोळे पुसत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"एव्हर्ट, काहीतरी जळतंय रे," हेडलुंड मिस्त्री म्हणाले. "वायर बघ. वायर ठीक असेल तर आरशात बघ."

हसा लेको! मी मनाशी ठरवलं, विमान जितकं लवकर तयार होईल तितकी ही पीडा लवकर टळेल. मग मी हात आखडला नाही. बाकीचे घरी गेले तरी मी तिथेच. पत्रा कापून खिडक्या केल्या, पोटात फळ्या टाकून खुर्च्या बसवल्या, पुढच्या काचेच्या नाकाडात टपालाच्या गोण्यांची सोय केली. शेपटीकडे गोळ्यांची भोकं होती, ती बुजवली. त्या भोकांचासुद्धा हेवा वाटला मला. मला कुणी गोळी मारली असती तर गुनवोरनं विचारपूस तरी केली असती.

"शनिवारी येतोयस ना?" तिनं विचारलं.

"काम आहे."

"मागच्या शनिवारीही होतं."

"एकदा हे संपू दे, मग बघ."

"बरं," ती म्हणाली.

विमान ठरल्या दिवसाच्या आधीच तयार झालं. शिडीशी हार्लननं माझा हात दोन्ही हातांत धरला. "एव्हर्ट, तू नसतास तर मी इथेच सडलो असतो!"

जा बाबा एकदाचा, मी मनात म्हटलं.

शनिवारी केस चापून बसवले, बूट चमकवले आणि गुनवोरच्या दारात उभा राहिलो. "चल नाचायला."

तिनं नुसता हात पुढे केला. बोटात अंगठी होती.

"त्याची?"

"दर शनिवारी विचारायचा. मी नाही म्हणायचे आणि दाराकडे बघत बसायचे. शेवटी मानेला रग लागली, एव्हर्ट."

मी माझ्या चमकवलेल्या बुटांकडे बघितलं.

"युद्ध संपलं की न्यायला येणार आहे," ती म्हणाली. "तोवर पत्रं पाठवेल. टपाल तुमचं ते विमानच आणतं ना?"

माझंच विमान! परत आलं की त्याची देखभालही माझ्याकडे, कारण त्याची नस न् नस मला ठाऊक. एखादा नट सैल ठेवायचं पाप माझ्या हातून होणार नव्हतं, आत माणसं बसतात. म्हणजे त्या लांबकान्याच्या प्रेमपत्रांचा भोई झालो मी, तोही बिनबोभाट.

जानेवारीत एका सकाळी विमान वेळेवर आलं नाही. वाटेत नॉर्वे, तिथे जर्मन टपलेले, त्यात धुकं. गुनवोर कोट न घालता, तशीच ॲप्रनवर धावत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"येईल ना रे?"

"येईल. इंजिनं मी बघितलीत."

तिनं माझा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला. इतके शनिवार नाचलो, पण असं कधी धरलं नव्हतं तिनं मला. ती थरथरत होती आणि मी, मेला, सुखात होतो. देवा, येऊ दे ते विमान, सुखरूप येऊ दे. पण सावकाश येऊ दे.

आवाज आधी तिलाच ऐकू आला.

"आलं!" ती ओरडली, आणि माझा दंड सोडून टपालाच्या गाडीकडे पळाली.

चाकांना ठोकळे लावायचे होते. मीही पळालो.